चुडामण नानांचा एक जीबी

माझं दुकान धुळ्याला देवपुरात आहे. पाटीवर अजून अब्बांचंच नाव आहे, ‘नूर महंमद घड्याळवाले’, आणि त्याखाली मी नंतर रंगवून घेतलेली ओळ, ‘मोबाईल दुरुस्ती, रिचार्ज’. अब्बा डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडायचे, मी तेच भिंग लावून मोबाईल उघडते. अब्बा आता घरी असतात आणि माझ्या स्वभावाची काळजी करतात. शाझिया, गिऱ्हाईकाशी गोड बोलावं, असं रोज सकाळी सांगतात. मी रोज ठरवते, आणि साडेदहापर्यंत पाळतेसुद्धा.

पण हल्ली एक दुखणं असं आलंय की साडेदहाही गाठता येत नाहीत. माणूस येतो, फोन काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, “ताई, वरची जागा संपली.” वरची जागा म्हणजे आपले फोटो, व्हिडिओ, पत्रं ठेवायला कंपनी देते ती. ढगात असते म्हणतात, मी काही बघायला गेलेली नाही. पंधरा जीबी फुकट मिळते. ती भरली की फोनवर लाल पट्टी येते, आणि पुढची जागा हवी असेल तर दरमहा पैसे. पैसे भरायला आमची माणसं नाही म्हणत नाहीत हो. त्यांचं एवढंच म्हणणं असतं, की थोडी द्या. आणि कंपनीचा सगळ्यात लहान प्लॅन शंभर जीबीचा!

आता आमच्याकडे चहापत्ती पुडीत मिळते, शांपू पुडीत मिळतो, एक लिंबू मागितलं तर एक लिंबू मिळतं. पाव किलो शेव मागितल्यावर तोंड वाकडं करणारा दुकानदार धुळ्यात टिकायचा नाही. मग माणसं विचारणारच. बांगड्या विकणाऱ्या रहिमाबी मला म्हणाल्या, “बेटा, नव्या नातवाच्या अकीक्याचे चाळीस फोटो ठेवायचेत. शंभर जीबी घेऊन उरलेल्या जागेत काय, भाडेकरू ठेवू?” रिक्षावाला रमीज म्हणाला, “पाच जीबीचं पाऊच नाही का निघालं अजून?” जणू कंपनीचा मालक माझा मामा आहे आणि मी त्याच्या कानात सांगितलं की तो उद्यापासून पाऊच काढेल. दिवसातून दहा वेळा मी तेच सांगते, “लहान प्लॅन नाही. नाही म्हणजे नाही.” दहाव्या वेळी आवाज चढतो. मग अब्बांपर्यंत तक्रार जाते.

आणि या सगळ्या गिऱ्हाइकांचा मुकुटमणी म्हणजे चुडामण नाना.

नाना एस.टी.चे कंडक्टर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजूनही रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला की त्याला नावाने नाही, तो ज्या गावाला उतरायचा त्या गावाने हाक मारतात. “ए मुकटी!” म्हणतात, आणि मुकटीचा माणूस खूश होऊन मागे वळतो. चौतीस वर्षं त्यांनी तिकिटं फाडली. एक टप्पा जास्तीचा कुणाला लावला नाही आणि एक टप्पा कमी कुणाचा करून घेतला नाही. लग्न झालं तेव्हा नवरीला माहेरून आपल्याच गाडीतून आणली, आणि मुंडावळ्या सांभाळत तिचंही तिकीट फाडलं. म्हणे डेपोमॅनेजर वरातीत होता, तो म्हणाला, अरे राहू दे. नाना म्हणाले, तुमचंही तिकीट अजून फाडायचंय साहेब. नानी बिचारी हा किस्सा सांगताना हसून हसून पदर तोंडात कोंबायची. ती गेल्याला आता आठ वर्षं झाली. मुलगी नाशिकला असते. घरात नाना एकटे, आणि त्यांच्या सोबतीला मीच विकलेला एक मोबाईल.

तर हे नाना एका शुक्रवारी सकाळी, दुकान उघडून मी अजून झाडूही हातातून ठेवला नव्हता, तेव्हा आले. चेहरा उतरलेला. फोन पुढे केला. लाल पट्टी.

“शाझिया, माय, एक जीबी दे.”

मी साडेदहाच्या आत होते म्हणून गोड बोलले. म्हटलं, “नाना, एक नसतो. शंभराचा प्लॅन आहे.”

“शंभर लिसन मी काय करू? तठे कापूस भरू का?”

“सगळ्यांनाच शंभर घ्यावे लागतात नाना.”

“मंग हाऊ अन्याय शे,” नाना म्हणाले, आणि स्टुलावर बसले. “माले फागणाले उतरनं शे, आणि तू माले मुंबईनं तिकीट काबर फाडस? चौतीस वरीस मी असं कोनले करं नही.”

मी म्हटलं, मी नाही फाडत, कंपनी फाडते. तर म्हणाले, लाव कंपनीला फोन. कुठून तरी एक नंबर मिळाला, तो लावला. वीस मिनिटं वाजंत्री ऐकली. मग एक मुलगी आली, अतिशय गोड बोलणारी; अब्बांनी ऐकलं असतं तर मला काढून तिलाच दुकानात बसवलं असतं. नानांनी घसा साफ केला आणि फोनवर बोलायचं म्हणून एकदम शुद्ध मराठीत सुरू झाले.

“ताई, आपली गाडी धुळ्याहून सुटली. पुढचा टप्पा फागणे. त्याच्या पुढे मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव. बरोबर?”

“सर, आपली तक्रार स्टोरेजबद्दल आहे का?”

“त्याबद्दलच बोलतोय. मला फागण्याला उतरायचंय. तुमच्याकडे फागण्याचं तिकीट आहे की नाही?”

“सर, शंभर जीबीचा प्लॅन आपल्यासाठी सर्वांत फायद्याचा आहे.”

“कोणाच्या फायद्याचा?”

इथे त्या मुलीने पुन्हा वाजंत्री लावली. नाना ती आदराने ऐकत बसले, कारण ती मुलगी परत येईल असं त्यांना वाटत होतं. मी फोन बंद केला.

“मग पुसा काहीतरी,” मी म्हटलं. “जुने व्हिडिओ काढून टाकले की जागा होते. फुकटात काम. आणा इकडे, मीच पुसते.”

नानांनी फोन माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. “नही पुसाव.”

आता माझं डोकं फिरलं. एकीकडे पैसे भरायचे नाहीत, दुसरीकडे काही पुसायचंही नाही, आणि जागा पाहिजे. मी झाडू कोपऱ्यात आपटला आणि म्हटलं, “नाना, असं आहे तरी काय त्यात?” फोन घेतला आणि उघडून बघितला. गंमत बघा, गुडमॉर्निंगची फुलं नाहीत, भजनं नाहीत, काही नाही. नुसते व्हिडिओ, सातशेच्या वर. आणि सगळे एकाच माणसाने पाठवलेले. नाव होतं ‘मेहुणबारे’.

एक लावला. एक अंगण होतं. पेरूच्या झाडावर खार वरखाली पळत होती, आणि मागून बाईचा आवाज, “ही बघा आजची सकाळ. ही बया काल माझे शेंगदाणे घेऊन गेली, आज परत आली, लाज नाही.” दुसरा लावला. तेच अंगण, खाटेवर वाळत घातलेले नागलीचे पापड, तोच आवाज, “ही आजची सकाळ. ऊन बरं आहे.” तिसऱ्यात नुसता वाफ येणारा चहा. “ही सकाळ. साखर संपली, गूळ घातलाय.”

मी नानांकडे बघितलं. सदुसष्ट वर्षांचा माणूस कानापर्यंत लाल होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

मग हळूहळू बाहेर आलं. या सुनंदाबाई. राहणार चाळीसगाव, नोकरी मेहुणबाऱ्याच्या पोस्टात. अकरा वर्षं नानांच्या गाडीने रोज जायच्या, यायच्या. विधवा बाई, कडक, कुणाशी बोलायच्या नाहीत. नानाही त्या वेळी बोलले नाहीत. ‘मेहुणबारे एक’ एवढंच. नंतर बाई निवृत्त झाल्या, नाना निवृत्त झाले. दोन वर्षांमागे चाळीसगावला एका लग्नाच्या पंगतीत नाना ताट घेऊन उभे होते, तर मागून आवाज आला, “काय कंडक्टर, पुढे सरका की!” नाना वळले. तिथून नंबर दिले-घेतले गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खार आली.

“आणि मग?” मी विचारलं. काउंटरवर कोपरं टेकवून मी इतकी पुढे वाकले होते की दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक परत गेलं. जाऊ दे गेलं तर.

“मंग मी तिले इचारं.”

“काय विचारलं?”

नाना पंख्याकडे बघायला लागले. मला समजलं, आणि मी अशी काही किंचाळले की शेजारचा पंक्चरवाला धावत आला. त्याला मी हाकलला.

विचारलं ते फोनवर नव्हे, रोजच्या निरोपातही नव्हे. बाईंचा फोन सगळ्या घराच्या हातात असतो, सून नूतन त्यावर रेसिपी बघते. असली गोष्ट तिथे कशी लिहायची? आणि पोस्टातल्या बाईला विचारायचं तर पत्रच पाहिजे. म्हणून नानांनी ईमेल लिहिलं. बाईंच्या घरात ईमेल कुणी उघडत नाही, त्या सोडून. पत्र चार ओळींचं, पण सोबत एक व्हिडिओ जोडला. नानांनी तो मला दाखवला. टोपी घालून, आरशासमोर उभं राहून, पूर्ण आवाजात, “धुळे, गरताड, शिरूड चौफुली, मेहुणबारे, चाळीसगाव! चाला, बसा, जागा शे!” हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटच्या ‘जागा शे’ला मात्र ते नुसतं हसण्याचं राहिलं नाही.

“मग उत्तर काय आलं?”

“काहीच नही. अठरा दिन व्हई गयात. आणि सकाळबी बंद करी दिधी तिनी.” नानांनी फोन काउंटरवर ठेवला. “तिना मनात नही, हाई माले समजनं. पन माय, हाई सातशे सकाळ तरी राह्यतील ना माले? पोऱ्हं म्हनतस, पट्टी उनी का कंपनी बठ्ठं पुसी टाकस. म्हनीसन एक जीबी मांगस तुले.”

पोरांनी सांगितलं ते अर्धवट होतं, लगेच काही कुणी पुसत नाही. पण माझ्या डोक्यात वेगळंच चक्र फिरलं. मी विचारलं, “नाना, पत्र कधी पाठवलं? पट्टी कधी आली?”

“पत्र सोमवारले. पट्टी त्याच दिन, जेवन करीसन उठनू तवय.”

मी कपाळावर हात मारला. नानांच्या त्या टोपीवाल्या व्हिडिओनेच उरलेली जागा खाल्ली होती. पत्र गेलं आणि मागे पत्रांचा डबा भरला. आणि डबा भरला की ईमेल येतच नाही.

“नाना, त्या सोमवारपासून तुमच्याकडे एकही पत्र येऊ शकलेलं नाही. त्यांनी उत्तर पाठवलं असेल तर ते परत गेलं असेल.”

“परत? कोनाकडे?”

“त्यांच्याकडेच.”

नाना स्टुलावरून उठले. मला वाटलं आनंदाने उठले. पण माणूस पांढरा पडला होता. “शाझिया, ती पोस्टातली बाई शे. पत्र परत येस म्हंजे काय, तुले माहीत शे? घेनारानी घेतलं नही. पोस्टमन वरतून लिखस, ‘घेण्यास नकार’. तिनी आयुष्यभर त्याच शेरा देख्यात.”

तेव्हा मलाही सगळं उमगलं. म्हणजे या माणसाने बाईला लग्नाचं विचारलं, बाईने उत्तर लिहिलं, आणि याने ते घेण्यास नकार देऊन परत पाठवलं. सकाळ बंद होणार नाही तर काय होणार! मी म्हटलं, लावा फोन. नानांनी लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा सुनेने उचलला, नूतनने, आणि दबक्या आवाजात म्हणाली, “आई म्हणताहेत, मी घरात नाही म्हणून सांग.” मागून बाईंचा आवाज स्पष्ट आला, “कुठे गेलेय तेही सांगू नको!”

नानांनी फोन खाली ठेवला. थोडा वेळ ते माझ्या काउंटरवरच्या काचेखाली ठेवलेल्या जुन्या घड्याळांकडे बघत बसले. मग खिशातून पाकीट काढलं.

“फाड, माय.”

“काय?”

“मुंबईनं फाड. पुरा शंभर. वरीसभरनं फाड.”

चौतीस वर्षांत एक टप्पा जास्तीचा न लावणारा माणूस! मी पैसे दोनदा मोजून घेतले, खोटं नाही सांगत. प्लॅन घेतला, लाल पट्टी गेली, आणि आम्ही दोघं फोन मध्ये ठेवून बसलो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. फोन वाजला. दोघांनी एकदम झडप घातली. कापडाच्या सेलची जाहिरात होती. मी त्या सेलवाल्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. परत गेलेलं पत्र आपोआप पुन्हा येत नसतं, हे मला माहीत असायला हवं होतं, पण आशा अशी असते की धंद्यातलंही विसरायला लावते.

“चाल,” नाना म्हणाले, “चाळीसगाव जाऊत. तू चाल. डबा, पट्टी, हाई बठ्ठं मी तिले कसं सांगू? मी सांगं तर ती म्हनी, बहाना करस.”

दुकान बंद केलं. अब्बांना फोन करून सांगितलं की गिऱ्हाईकाशी गोड बोलायला चाळीसगावला चाललेय. बसस्टँडवर जाताना नानांनी जाड शेव घेतली, एक किलो. पाव किलो घेणारा माणूस किलो घेतो तेव्हा प्रकरण साधं नाही, हे शेववाल्यानेही ओळखलं आणि वर मूठभर घातली.

बसमध्ये तरुण कंडक्टर बाई होती. नानांचं ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट, माझं महिला म्हणून अर्धं. नानांनी ती दोन तिकिटं हातात धरून मला दाखवली. “देख. सरकारले समजस अर्धं काय राहस ते. आणि तुन्ही कंपनीले समजत नही.” मग ती घडी घालून खिशात ठेवली. गरताड गेलं, शिरूड चौफुली गेली. मेहुणबाऱ्याला गाडी थांबली तेव्हा सवयीने नानांच्या तोंडातून “मेहुणबारे एक” निघून गेलं आणि पुढची सीट दचकली. मला हसू आवरेना. नानांना घाम आवरेना.

सुनंदाबाईंचं अंगण मी पाहताक्षणी ओळखलं. तो पेरू, ती खाट. खारसुद्धा होती. नूतनने दार उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवून आत वळली, “आई, धुळे डेपोची गाडी आली.” पोरगी हुशार निघाली, रेसिपी बघता बघता तिने खूप काही बघितलं होतं.

सुनंदाबाई बाहेर आल्या. उंच, सडपातळ, नाकावर चष्मा, हातात निवडत असलेली मेथी. नानांकडे न बघता मला म्हणाल्या, “बस मुली. तू कोण?”

मी सांगितलं, धुळ्याहून आले, मोबाईलवाली. नाना तोंड उघडणार तोच बाईंनी मेथीची जुडी त्यांच्याकडे रोखली. “तुम्ही काही बोलू नका कंडक्टर. माणसाला उत्तर नको असेल तर त्याने विचारू नये. मी तीस वर्षं पोस्टात काढली. पत्र परत येतं तेव्हा त्याचा अर्थ मला कुणी शिकवायचं कारण नाही.”

“बाई, ते परत पाठवलेलं नाही,” मी म्हटलं, “डबा भरला होता.”

“कसला डबा?”

मी त्यांचा फोन मागितला. परत आलेली पत्रं त्यांनी जपून ठेवली होती, एक नाही, तीन. वर इंग्रजीत ठळक लिहिलं होतं की पत्र पोहोचलं नाही. बाईंनी तेवढंच वाचलेलं. पोस्टात शेरा वरच असतो, खाली काय असणार? मी बोट खाली नेलं आणि चौथी ओळ मराठीत करून सांगितली, “ज्यांना पत्र पाठवलं त्यांच्याकडे जागा शिल्लक नाही.”

बाईंनी चष्मा वरखाली करत ती ओळ दोनदा वाचली. “घर भरलं म्हणून पत्र परत आलं, असं माझ्या पोस्टात एकदाही झालं नाही.” मग नानांकडे पहिल्यांदा बघितलं. “एवढं काय भरून ठेवलंत?”

नानांनी फोन माझ्याकडे सरकवला. मीच त्यांचा फोन उघडून बाईंच्या हातात दिला. बाईंनी खाटेवर बसून बोटाने सरकवलं. खार. पापड. चहा. खार. पहिला पाऊस न आलेला जून, झाडाखाली झोपलेलं मांजर, शेवयांचा पाट. त्यांचंच अंगण, दोन वर्षांचं, एकही सकाळ न गाळता. त्या सरकवत गेल्या, संपेना. मेथी मांडीवरून खाली पडली.

“यातलं एकही पुसलं नाहीत?”

“कोनतं पुसू?” नाना म्हणाले.

बाईंनी फोन नानांना परत दिला, चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या, गरजेपेक्षा बराच वेळ. नूतन दारात उभी राहून उघड उघड रडत होती आणि हसतही होती. मला तर गप्प बसवेना. मी विचारून टाकलं, “बाई, त्या तीन पत्रांत होतं काय?”

“पहिल्यात ‘नाही’ होतं,” सुनंदाबाई म्हणाल्या.

नानांनी शेवेची पिशवी घट्ट धरली.

“सरळ लिहिलं होतं. या वयात लोक हसतील, माझी सून काय म्हणेल, तेव्हा नाही. ते परत आलं. मी म्हटलं, बघा या माणसाचा ताठा, नाही म्हटलेलं घेतच नाही! मला राग आला, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. आमचं ‘नाही’ कुणी परत पाठवलं नव्हतं आजवर. दुसरं लिहिलं, जास्त कडक. तेही परत. तेव्हा मी चार दिवस विचार केला. म्हटलं, ज्याला माझं ‘नाही’ घ्यायचंच नाही, त्याला मी किती वेळा पाठवू? म्हणून तिसरं लिहिलं.” त्यांचा आवाज एकदम चढला, “आणि ते तिसरंही परत आलं! ‘नाही’ परत केलंत ते समजलं मला, कंडक्टर. पण ‘हो’सुद्धा परत?”

बाईंनी रागाने चष्मा नाकावर चढवला. मग नूतनच्या तोंडून असा काही आवाज फुटला की खार पेरूवरून पळाली. मी खाटेवर बसले, हसू इतकं आलं की पोट धरावं लागलं. पहिलं पत्र पोहोचलं असतं तर सगळा कारभार तिथेच आटोपला असता. त्या लहान प्लॅन न काढणाऱ्या कंपनीला मी त्या क्षणी मनातल्या मनात सात पिढ्यांची दुआ दिली. उद्यापासून पुन्हा शिव्या देईन, ते वेगळं.

नाना मात्र हसत नव्हते. ते हात जोडून उभे होते. “आते जागा शे,” एवढंच म्हणाले. “शंभर शे. धाडी द्या.”

“शंभर?” बाई कडाडल्या. “एवढे कशाला घेतले? पैसे वर आलेत का?” बोलता बोलता त्यांनी आपला फोन घेतला, तिसरं पत्र शोधलं, चष्मा नाकावर सरळ केला आणि बोट दाबलं. नानांच्या खिशात फोन वाजला. दोघांमधलं अंतर दोन हात होतं, पण पोस्टातल्या बाईने पत्र पोस्टानेच दिलं.

नानांनी फोन काढून माझ्यापुढे धरला. मला म्हणाले, वाच. मी वाचलं.

“चुडामणराव, हो. पण यापुढे सकाळचा व्हिडिओ मिळणार नाही. सकाळ समोर बसून बघावी लागेल. आणि पहिला चहा तुम्ही करायचा. सुनंदा.”

नानांनी शेवेची पिशवी माझ्या हातात दिली, चपला काढल्या, पाय धुतले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. सुनंदाबाई उठायला लागल्या, पण नूतनने त्यांना खांद्याला धरून खाटेवर बसवलं. मग आतून, भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात, हाक आली.

“नूतन, माय, साखर कोठे शे?”